बायोलॉजीवाल्यांचा इनोव्हेशन सेल: या चुका टाळा

2018 मध्ये केंद्राने ‘इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल’ची योजना आणली आणि कॉलेजाकॉलेजात विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांना वाव देणारे इनोव्हेशन सेल उगवले. सायन्स कॉलेजात त्याचं विद्यार्थी समन्वयकपद बऱ्याचदा टी.वाय.च्या बॉटनी किंवा मायक्रोबायोलॉजीच्या एखाद्या उत्साही मुला-मुलीच्या गळ्यात पडतं. नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. मग शेजारच्या इंजिनीअरिंग कॉलेजात काय चाललंय ते बघायचं आणि तेच उचलायचं. बहुतेक चुकांचं मूळ या उचलेगिरीत आहे.

हॅकेथॉनचंच घ्या. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची 36 तासांची अंतिम फेरी सॉफ्टवेअरवाल्यांना शोभते. तेवढ्या वेळात पेट्री प्लेटवर बुरशीसुद्धा धड दिसत नाही. धिंगरी आळंबीची (ऑयस्टर मशरूमची) काडाने भरलेली पिशवी बुरशीने पांढरी व्हायलाच पंधरा ते वीस दिवस जातात. अशा स्पर्धेत मग जिंकते ती पीपीटी. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फाइलला चार फोटो मिळतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा जुलैमध्ये पाच-सहा गट करा, प्रत्येकाला एकच जिवंत प्रयोग द्या आणि निकाल दिवाळीनंतर लावा. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. ते याच कामाला जोडून द्यायला विभागप्रमुख सहसा नाही म्हणत नाहीत.

आळंबीची पिशवी का बिघडते

पहिला प्रयोग म्हणून जवळपास सगळे धिंगरीच निवडतात, आणि ते बरोबरच आहे. काड (पेंढा) स्वस्त, जागा थोडी लागते, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पासारख्या ठिकाणी खात्रीचं बियाणं मिळतं. घोळ होतो तो जागेचा. त्याच लॅबमध्ये दुसरा गट ट्रायकोडर्मा वाढवत बसलेला असतो. शेतातल्या मर रोगावर ही बुरशी गुणाची, पण आळंबीच्या पिशवीत शिरली की हिरवे डाग पडतात आणि पिशवी हातची जाते. दोन्ही गट आपापल्या जागी हुशार, पण लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कपाट) एकच आणि वेळापत्रकही एकच! हिरवी पिशवी तिथल्या तिथे फोडून बघायची नाही, नाहीतर बीजाणू खोलीभर पसरतात. न उघडता बाहेर न्या आणि पुरून टाका.

दांडे लांबुडके आणि छत्री बटणाएवढी राहिली, तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय. खिडकी उघडा. पिशवीच्या तळाशी पाणी आणि आंबूस वास, म्हणजे काड जास्त ओलं भरलं गेलं. मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, थेंब गळू नये. आणि मराठवाडा-विदर्भात एप्रिलमध्ये साध्या खोलीत धिंगरी लावण्याच्या भानगडीत पडूच नका. तिला 20 ते 30 अंश लागतात.

एक गोष्ट मात्र हट्टाने पाळा. ज्या खोलीत ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस या जिवाणूंच्या प्लेटा ठेवल्या जातात, तिथे वाढलेली आळंबी खायची नाही आणि विकायची तर मुळीच नाही. खाण्याचा माल वाढवायचा तर खोली वेगळी हवी. मागची सायकल शेडही चालेल.

स्टॉल लावण्याआधी कायदा बघा

गॅदरिंगमधल्या ‘स्टार्टअप स्टॉल’वर लेबल चिकटवलेली ट्रायकोडर्माची बाटली दिसली की प्राचार्य कौतुक करतात. पण रोगनियंत्रक म्हणून ती विकायला कीटकनाशक कायदा, 1968 प्रमाणे नोंदणी लागते. रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर ही जिवाणू खतं, इतकंच काय, गांडूळखतसुद्धा 1985 च्या खत नियंत्रण आदेशात येतं. वाळवलेल्या आळंबीची पावडर किंवा स्पिरुलिना (खाण्याचं शेवाळ) डबीत भरली की एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचं प्राधिकरण, आलंच. म्हणून घाबरून गप्प बसायचं कारण नाही. शेतकऱ्याच्या संमतीने चार ओळींत चाचणी घ्या, शेजारच्या चार ओळी तशाच सोडा, दोन्हींची मोजणी करा. ही नोंद पुढे नोंदणीच्या वेळी उपयोगी पडते. स्टॉलवर ठेवायला शोभेची रोपं आणि वेगळ्या खोलीत वाढवलेली ताजी आळंबी पुरे.

पेटंटबाबत दोन उलट्या चुका दिसतात. एक म्हणजे, खरोखर नवं काही सापडलेलं असताना ते आधी ‘आविष्कार’ या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेच्या पोस्टरवर सविस्तर छापायचं आणि मग पेटंटची चौकशी करायची. जाहीर झालेलं नवं राहत नाही. आपल्या कायद्यातल्या सवलती मोजक्याच प्रसंगांपुरत्या आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क 1600 रुपये आहे आणि संपूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. तेही करण्याआधी कॉलेजशी हक्कांबाबत लेखी बोलून घ्या. लॅब त्यांची, मार्गदर्शक त्यांचे. भांडण नंतर होतं.

दुसरी चूक म्हणजे आजीच्या बटव्यातल्या पाल्याचं पेटंट काढायला निघायचं. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द करवलं. आपल्याच कायद्याचं कलम 3(पी) पारंपरिक ज्ञानावर पेटंट देत नाही. सह्याद्रीतल्या वनस्पतीवर खरंच नवं काम केलं असेल, तर जैवविविधता कायदा, 2002 वाचा. त्यासाठीचं राज्य मंडळ नागपूरला आहे.

“सर म्हणाले, मार्केट आहे”

सर आळंबी विकत घेणार नाहीत. सकाळी मंडईत जा आणि भाजीवाल्या मावशींना विचारा, की धिंगरी ठेवता का, संध्याकाळी किती उरते, उरलेल्याचं काय करता. ताजी धिंगरी दोन-तीन दिवसांत मलूल होते आणि ओळखीचं गिऱ्हाईक बटण मशरूम मागतं. हे कळलं की धंद्याचा खरा प्रश्न उगवण हा नसून खप आणि टिकवण हा आहे, हे ध्यानात येतं. बी-प्लॅन (धंद्याच्या आराखड्याच्या) स्पर्धेच्या परीक्षकाला हा प्रश्न सुचतोच असं नाही.

हिशोबातही लबाडी नको. वीज कॉलेजची, ऑटोक्लेव्ह (निर्जंतुकीकरणाचं यंत्र) कॉलेजचा, पिशव्या भरायला लॅबचे मामा. एवढं सगळं फुकट धरून काढलेला नफा हा नफा नव्हेच. किलो कोरड्या काडाला अर्धा-पाऊण किलो आळंबी धरा आणि भाडं, वीज, मजुरी मांडून पुन्हा बेरीज करा.

पैशाचं दारही योग्य हवं. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान 50 लाखांपर्यंत, 18 महिन्यांचं असतं, हे ऐकून सगळ्यांचे डोळे विस्फारतात. पण ते नव्या तंत्रज्ञानाची कल्पना सिद्ध करून दाखवायला आहे, आळंबीची शेड बांधायला नाही. निदान-किट, एन्झाइम असलं काही हाताशी असेल तर पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरसारख्या ठिकाणी विचारा. शेडसाठी जिल्हा उद्योग केंद्र गाठा.

राहिला मे महिना. टी.वाय.चे पेपर संपतात, समन्वयक गावी जातो, फ्रीज सुट्टीत कुणीतरी बंद करतं आणि जूनमध्ये वर्षभर जपलेली जिवाणू-बुरशीची कल्चर मेलेली सापडतात. फेब्रुवारीतच एस.वाय.चे दोघे जण तयार करा. त्यांच्याकडून एकदा सबकल्चर (कल्चर ताज्या माध्यमावर घेणं) करवून घ्या, प्रत्येक स्लँटवर (तिरप्या माध्यमाच्या नळीवर) नाव-तारीख घाला आणि नोंदवही त्यांच्या हवाली करून सही घ्या. फ्रीजच्या प्लगवर ‘बंद करू नये’ ही चिठ्ठी मामांना विचारून, त्यांच्याच अक्षरात लावा. ती कुणी काढत नाही.