जुन्या पिकअपच्या पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ

माझ्या जुन्या पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्या भरल्या, की ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली जाई, पुढच्या डिस्क तापून वास सुटे आणि मागचे ड्रम मात्र जेमतेम कोमट लागत.

अशा अनेक गाड्यांत चॅसीवर, मागच्या अ‍ॅक्सलजवळ, भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. माल भरल्यावर चॅसी खाली बसते, व्हॉल्व्हला रॉडने अ‍ॅक्सलशी जोडणारी तरफ हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकाम्या गाडीत हा दाब कमीच हवा, कारण ब्रेक लावताना वजन पुढे सरकते आणि हलकी झालेली मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी आडवी फिरते. आधीच्या मालकाने मागच्या पाट्यांत (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक जादा पान, म्हणजे पट्टी, घातल्याने माझ्या गाडीची मागची बाजू उंचावली होती. त्यामुळे भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामीच भासत होती. शिवाय तरफेची पिन गंजून अडकली होती.

प्रथम ड्रमच्या मागील छिद्रातून स्क्रूड्रायव्हरने ब्रेक जुळवण्याचे छोटे दातेरी चाक फिरवून, गाडीचे चाक हाताने फिरवताना लायनर (ब्रेकचे अस्तर) ड्रमला किंचित घासेल इतपत अंतर आणले. हे केल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावणे माझ्या मते व्यर्थ आहे. मग जादा पान काढले, पिन मोकळी केली, रॉडची लांबी मॅन्युअलमधील मापाने ठेवली आणि ब्रेक ऑइल बदलून हवा काढली. मोकळ्या मैदानातील ओल्या मातीवर रिकामी गाडी कमी वेगात जोराने थांबवून पाहिली, तेव्हा पुढची चाके आधी घसरली. आता भरल्या गाडीचे मागचे ड्रमही चांगले गरम लागतात.