व्होडका गाळल्याने काय बदलतं, हे घरी कसं तपासावं

‘पाच वेळा गाळलेली’ असं बाटलीवर वाचून जास्त पैसे मोजण्याआधी एक चाचणी करा. मी डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत काम करते; नव्या मुलांना सगळ्यात आधी हीच करायला लावते.

परवानाधारक दुकानातली, वेगळा स्वाद न घातलेली स्वस्त व्होडका आणा. निम्मी बाजूला ठेवा. करवंटीपासून केलेला, खाद्यपदार्थांसाठीचा दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा कोळसा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. काचेच्या नरसाळ्यात फिल्टर पेपर, त्यावर कार्बन, आणि वरून व्होडकाची बारीक धार. सुरुवातीची थोडी टाकून द्या. ओल्या कार्बनमधलं पाणी तिच्यात उतरतं आणि पातळ झालेली दारू उगाचच मऊ लागते. कार्बन रात्रभर व्होडकात भिजत मात्र ठेवू नका. हवा मिळाली की त्याच्या पृष्ठभागावर इथेनॉलचंच, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलचंच, ॲसिटाल्डिहाइड होऊ लागतं. कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा वास आला तर तो त्याचाच.

आता दोन्हींत जवळपास तेवढंच पाणी घाला. ४२.८ टक्क्यांची व्होडका २१ च्या आसपास येते आणि वास उघडतो. बर्फ नको, गारव्यात दोष लपतात. कुठला ग्लास कुठला, हे दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या.

नको असलेली द्रव्यं स्वतःला चिकटवून घ्यायचा कोळशाचा गुण रसायनशास्त्रज्ञ टोबियास लोविट्झ यांना १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिसला. रशियात आजही स्पिरिटमध्ये पाणी आधी घालतात आणि मग कोळशातून गाळतात. कारण साधं आहे: पाणी वाढलं की नको असलेली सेंद्रिय द्रव्यं मद्यात रमत नाहीत, कोळशाला सहज चिकटतात.

मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मात्र कोळसा अडवत नाही. त्याचा रेणू लहान, पाण्यात मिसळून जाणारा. मालाडच्या मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसं मिथेनॉलच्या दारूने गेली. तसली दारू कितीही गाळली तरी विषच. मिथेनॉल वेगळं काढायचं काम ऊर्ध्वपातनाच्या स्तंभातच व्हावं लागतं.

हिऱ्यांच्या जाहिरातीला भुलू नका. ‘क्रिस्टल हेड’ ही व्होडका ज्या हर्किमर हिऱ्यांतून गाळतात, ते क्वार्ट्झचे स्फटिक आहेत. कोळशासारखी सूक्ष्म छिद्रं त्यांना नसतात.

चाचणीत फरक जाणवला नाही, तर ती व्होडका मुळातच स्वच्छ आहे, पुन्हा गाळू नका. पोलंडची राईची व्होडका तर अजिबात नको. तिचा मिरमिरीत तिखटपणा कोळसा काढून घेतो, आणि मला ती आवडते त्याचसाठी.