स्कीलाही टाच असते, बुटालाही

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकत होते तेव्हा बर्फ म्हणजे माझ्यासाठी रसवंतीगृहात पोत्याखाली झाकून ठेवलेली लादी. पुढे भाषांतराच्या मास्टर्ससाठी फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आले आणि पैसे मिळवून देणारं पहिलं काम हाती आलं ते स्कीच्या बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खटक्याचं, माहितीपुस्तक, फ्रेंचमधून इंग्रजीत. बावीस पानं. दोन दिवसांत उरकेल असं वाटलं.

पहिल्याच पानावर ‘तालाँ’ खाली दाबायला सांगितलं होतं. तालाँ म्हणजे टाच, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. पण आदल्या रात्री केलेल्या शब्दसूचीत मी लिहून ठेवलं होतं की स्कीच्या मागच्या टोकालाही तालाँच म्हणतात आणि इंग्रजीत त्याला टेल म्हणायचं. मी हुशारी केली, टेल लिहिलं. म्हणजे बूट बाइंडिंगमध्ये अडकवायचा असेल तर स्कीच्या शेपटीवर जोर द्या, अशी सूचना तयार झाली. तपासणाऱ्या ब्रिटिश बाईंनी समासात एवढंच लिहिलं, ‘तू कधी स्की हातात घेतली आहेस का?’

नव्हती घेतली. ग्रेनोबलच्या चहूकडे डोंगर, 1968 चं हिवाळी ऑलिंपिक याच शहराचं, त्यातल्या अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या स्कीच्या, शर्यती झाल्या ते शामरूस बसच्या अंतरावर, आणि मी ग्रंथालयात बसून शब्दकोश चाळत होते.

त्या शनिवारी शामरूसला गेले. स्की करायला नाही, स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात. मागच्या बाजूला एक साठीचे गृहस्थ कामाच्या टेबलावर स्कीला धार लावत होते. फ्रेंचमध्ये अनोळखी माणसाला काका म्हणायची सोय नाही, मी मनातल्या मनात म्हटलं. दुकानात त्यांना सगळे ‘स्कीमॅन’ म्हणत. वहीत पहिला शब्द तोच गेला, कारण तो दिसतो इंग्रजी, पण फ्रेंचांनीच पाडलेला आहे. इंग्रजीत त्या माणसाला स्की टेक्निशियन म्हणतात.

काकांनी स्की उलटी केली आणि बोट ठेवत गेले. बर्फावर सरकतो तो खालचा गुळगुळीत तळ म्हणजे ‘समेल’. तळाच्या दोन्ही कडांना बसवलेली पोलादी पट्टी म्हणजे ‘कार’. या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर तिरकी मात्रा पडली की त्याचा ‘कारे’ होतो, म्हणजे चौकोन. घाईत टाइप केलेल्या मजकुरात ही मात्रा कुठेही येते आणि कुठूनही गळते. सालोमों ही कंपनी 1947 मध्ये आन्सीला सुरू झाली तीच करवतीची पाती आणि या पट्ट्या बनवत. पट्टीच्या वर, स्कीच्या बाजूला दिसते ती भिंत म्हणजे ‘शाँ’. शब्दकोश याचा पहिला अर्थ गाणं असा देतो. पण सुताराच्या फ्रेंचमध्ये शाँ म्हणजे फळीची अरुंद बाजू, आणि स्की मुळात लाकडाचीच होती. शब्दकोशात आणखी खाली उतरलात तर ‘एज’ सापडेल, आणि तेही चुकेल, कारण इंग्रजी स्कीवर एज हे नाव पोलादी पट्टीने आधीच घेतलंय. शाँला साइडवॉल म्हणायचं.

मग मी विचारलं, समेल तर बुटालाही असतो ना? काका म्हणाले, असतो की! स्कीचा समेल इंग्रजीत बेस, बुटाचा सोल. तिथे मला आपलं ‘पान’ आठवलं. झाडाचं पान, वहीचं पान, विड्याचं पान आणि ‘पानं घेतली आहेत, बसा’ म्हणतात ते पान. मराठी माणूस कधी गोंधळत नाही, कारण वस्तू समोर असते. भाषांतर करणाऱ्यासमोर ती नसते, म्हणून ओळीगणिक विचारावं लागतं की हा तळ कशाचा, ही टाच कोणाची. माझ्या शब्दसूचीत तेव्हापासून शब्दाच्या आधी एक रकाना असतो: स्की, बूट, बाइंडिंग, काठी किंवा अंगावरचे कपडे. तो भरल्याशिवाय इंग्रजी रकान्याला हात लावायचा नाही.

उलटा घोटाळाही होतो. ‘स्पात्यूल’ म्हणजे स्कीचं वर वळलेलं पुढचं टोक. इंग्रजीत टिप, आणि त्यामागच्या रुंद भागाला शॉव्हल. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला उकरून काढायचं फावडं फ्रेंचमध्ये ‘पेल’, इंग्रजीत पुन्हा शॉव्हल. बाइंडिंगमधून बूट सुटतो त्याला ‘देक्लांशमाँ’, इंग्रजीत रिलीज. हिमस्खलन सुरू होतं त्यालाही देक्लांशमाँ, तिथे मात्र ट्रिगर. ‘लिन्य द कोत’ दिसलं की समुद्रकिनारा आठवू देऊ नका. ते 122-76-106 असे तीन आकडे असतात, पुढची, मधली आणि मागची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि इंग्रजीत त्या आकाराला साइडकट म्हणतात. मधला आकडा ‘पातँ’चा. शब्दकोश त्याला स्केट म्हणेल, स्कीवाला इंग्रज कंबर म्हणतो.

आता ‘फार्त’. स्कीच्या तळाला चोळायच्या मेणाला फ्रेंचमध्ये हे नाव आहे आणि ते नॉर्वेजियनमधून आलंय. तिथे त्याचा अर्थ वेग. इंग्रजीत हीच चार अक्षरं म्हणजे पादणं. यंत्राने केलेल्या भाषांतरात हा शब्द कधी कधी जसाच्या तसा राहतो, आणि मग सामानाच्या यादीत ग्राहकाला ‘सर्व तापमानांसाठी’ ते मिळतं. तपासणीचं काम घेतलंत तर सर्वांत आधी हाच शब्द शोधा.

‘पो द फॉक’ म्हणजे शब्दशः सीलची कातडी. चढावर स्की मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायची ही पट्टी आता मोहेर या बकरीच्या लोकरीची किंवा नायलॉनची असते. आपल्या शिसपेन्सिलीत तरी शिसं कुठे असतं? इंग्रजीत नुसतं स्किन्स लिहा. सील आणलात तर प्राणिप्रेमींची पत्रं कंपनीला येतील.

कपड्यांमध्ये तर फ्रेंच शब्द इंग्रजीत राहायला गेलेत आणि तिथे भलताच संसार थाटून बसलेत. ‘कागूल’ म्हणजे फ्रेंचमध्ये तोंड झाकणारी माकडटोपी, ब्रिटिश इंग्रजीत पावसाळी जॅकेट. ‘आप्रे-स्की’ इंग्रजीत म्हणजे स्की झाल्यावरची मौजमजा, फ्रेंच कॅटलॉगमध्ये ते बर्फात घालायचे उबदार बूट असू शकतात. ‘सालोपेत’ म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट; हा शब्द ब्रिटिश ग्राहकासाठी तसाच ठेवता येतो, अमेरिकन ग्राहकासाठी बिब्ज करावा लागतो. म्हणून काम घेतानाच विचारायचं, इंग्रजी कुठली? आणि फ्रेंच कुठली, तेही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ‘मितेन’ बोटं झाकतात, फ्रान्समध्ये बोटं उघडी ठेवतात.

एक सापळा खास आपल्यासाठी. फ्रेंच ‘मास्क’ला इंग्रजीत गॉगल्स म्हणतात, आणि आपल्याकडे गॉगल म्हणजे काळा चष्मा. कॅटलॉगमध्ये साधा उन्हाचा चष्मा आला की माझा हात आजही गॉगल्स लिहायला जातो.

शब्द नक्की कुठे पाहायचे? आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मानकं इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत निघतात आणि त्यातल्या संज्ञा-व्याख्या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. 6289 हे मानक तर स्कीच्या शब्दांचंच आहे. बुटाच्या सोलसाठी 5355, बाइंडिंग बसवण्या-तपासण्यासाठी 11088. बूट किती जोर पडल्यावर सुटावा त्या आकड्याबद्दल दुकानात सगळे ‘डिन किती ठेवू?’ असंच विचारतात, पण माहितीपुस्तकात रिलीज व्हॅल्यू लिहायचं. हे पुस्तक वाचून कोणीतरी स्क्रू पिळणार आहे आणि चुकला तर गुडघा जाणार आहे. क्वेबेक सरकारचा शब्दकोश सुरेख आहे, फक्त त्याची फ्रेंच कॅनडाची आहे हे लक्षात ठेवा.

मातृभाषेतच भाषांतर करावं हा या धंद्याचा दंडक, आणि माझी मातृभाषा ना फ्रेंच ना इंग्रजी. बऱ्याच एजन्सींनी त्यावरूनच नकार दिला. आत शिरता आलं ते माहितीपुस्तकांमुळे, कारण तिथे गोड वाक्यापेक्षा फ्रेंच ‘ज’ म्हणजे इथे खेळ नसून दोन भागांमधली ढिलाई आहे हे कळणारी व्यक्ती हवी असते. जाहिरातीचा मजकूर मी आजही घेत नाही. माझ्या दरात इंग्रजी मातृभाषा असलेल्या तपासनिसाचे पैसे धरलेले असतात आणि तसं मी आधीच सांगते.

शंका मात्र कंपनीलाच विचारायच्या. पान, ओळ आणि दोन पर्याय लिहून पाठवायचं, म्हणजे तिथल्या इंजिनिअरला एका शब्दात उत्तर देता येतं. मागच्या महिन्यात मी विचारलं, ‘पान 14, ओळ 3 आणि 4: तालाँ बुटाची की स्कीची?’ उत्तर आलं, ‘तिसऱ्या ओळीत बुटाची, चौथ्या ओळीत स्कीची. बरं झालं विचारलंत, फ्रेंचमध्येही बदलतो.’