घरातलं गुपित, मरण आणि आईबापांच्या अपेक्षा: कथा लिहिताना या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम माझ्याकडे असतं, आणि दर पावसाळ्यात असं वाटायला लागतं की या सगळ्या कथा एकाच घरात घडतायत. वडील वारलेत, मुलगा नाहीतर मुलगी पुण्याहून किंवा थेट अमेरिकेतून गावी आलीय, माळ्यावर ट्रंक आहे, ट्रंकेत पत्रं आहेत, पत्रात गुपित आहे. विषयात काही खोट नाही, आपल्याकडे असं एक घर दाखवा जिथे काही झाकलेलं नाही. पण कथा बसत नाही, का बसत नाही ते लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, मग तो अजून एक रडण्याचा प्रसंग टाकतो आणि कथा आणखीच फुगते. तर जिथे हमखास गाडी अडते त्या जागा, आणि तिथे काय करून बघायचं ते सांगते.

गुपित ट्रंकेत सापडणं

पहिलं म्हणजे ती ट्रंक काढून टाका. डायरीसुद्धा. ज्याला एखादी गोष्ट आयुष्यभर लपवायची असते तो ती तारीखवार लिहून का ठेवेल, आणि ठेवलीच तर बायको दर दिवाळीला माळा आवरते तिला ती दिसणार नाही? आपल्याकडे गुपितं बाहेर येतात सरकारी कागदांतून. माणूस गेला की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस निघते, फेरफार म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद होते, मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. घरातल्यांनी तोंडाला कुलूप लावलं तरी हा कागद बोलत राहतो.

एक उदाहरण घेऊ, तेच पुढे वापरू. वडील गेल्यावर मुलगा वारस नोंदीच्या नादात आजोबांच्या वेळचा जुना फेरफार काढतो. त्यात लिहिलंय, खातेदार मयत, वारस पत्नी एक, मुलगे एक, मुली तीन. घरात आत्या तर दोनच आहेत. दोघींनी पुढे हक्कसोड करून दिलंय, म्हणजे आपला वाटा सोडलाय, त्याचा वेगळा फेरफार आहे, आणि तिसरीचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात अजून तसंच उभं. तो घरी येऊन आईला विचारतो, "आपल्याला आत्या किती गं?" आई पोळी लाटतेय. "दोन. का रे?" आणि लाटलेली पोळी ती परत गोळा करून पुन्हा लाटायला घेते. बस, एवढं पुरे, इथे आईच्या डोळ्यात पाणी आणायची काही गरज नाही.

यात अजून एक फायदा असा की कथेला आपोआप इंजिन मिळतं. समजा रस्त्यासाठी जमीन जाणार आहे, मोबदला यायचाय, आणि तिसऱ्या आत्याच्या सहीशिवाय पैसे अडकलेत. आता गुपित शोधायला नायकाला उगाच हळवं व्हावं लागत नाही, सगळं घरच त्या बाईला शोधायला लागतं, आणि कुणालाच ती सापडायला नकोय.

फक्त कायद्याची सालं नीट बघा, इथे फार घोळ होतात. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे, म्हणजे तेव्हापासून बापाच्या पश्चात मुलगी वारस आहेच. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क महाराष्ट्रानं 1994 ला दिला आणि देशभर तो 2005 ला आला. त्यामुळे 1980 च्या कथेत आत्या "मला कायद्यानं काहीच मिळत नाही" म्हणाली की वाचणारा वकील तिथेच अंक मिटतो. आणि हक्कसोड म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा नव्हे, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. बहिणीला भाऊबीजेला बोलवायचं, साडीचोळी करायची आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून तालुक्याला सहीला न्यायचं, हा प्रसंग मी अजून एकाही कथेत नीट वाचलेला नाही, आणि महाराष्ट्रात तो किती घरांत घडलाय.

"कुणालाच माहीत नव्हतं"

असं कधी नसतं हो. वाड्यात नाही, चाळीत तर नाहीच, आणि गावात भावकीला माहीत नाही असं काय असतं? गुपित म्हणजे जे नायकाला सोडून सगळ्यांना माहीत असतं. कथा अडली की एक कागद घ्या आणि लिहा: हे कुणाकुणाला माहीत आहे, कधीपासून, आणि गप्प बसून त्याला काय मिळालं. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा.

आपल्या कथेत समजा तिसरी आत्या गिरणीतल्या मुलाशी जातीबाहेर लग्न करून लालबागला गेली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. घराघरातून भांडी विकली गेली, कितीतरी जण कायमचे कोकणात नाहीतर घाटावर परत गेले. त्या वर्षी आत्या माहेरी आली असणार. पोरं घेऊन, उन्हाची, एसटीनं. आणि दारातून परत गेली असणार, कारण दार भावानं, म्हणजे नायकाच्या वडिलांनी उघडलं. आता बघा कुणाकुणाला माहीत आहे: शेजारची काकू, जिनं पोरांना पाणी दिलं, एसटी स्टँडवरचा दुकानदार, आणि नायकाची आई, जी तेव्हा नवी सून होती आणि आतल्या खोलीत होती. आणि आजी. आजी दर दिवाळीला मुलींसाठी साड्या घेताना तीन घेते. तिसरी कपाटात जाते आणि संक्रांतीला कामवालीला दिली जाते. नायकानं लहानपणापासून हे बघितलंय, त्याला वाटत आलंय की आजी कामवाल्या बाईंशी फार चांगली वागते.

माझं ऐकाल तर कथा इथे आहे. गुपित काय आहे यात वाचकाला फार रस नसतो, तो चौथ्या पानावर ओळखतोच. ते झाकून ठेवायला रोज कुणी किती मोजलं, कोणता सण कसा बदलून साजरा केला, कोणता विषय निघाला की कोण उठून आत जातं, यावर वाचक थांबतो. म्हणून गुपित फोडायची घाई करू नका आणि फार ताणूही नका, मध्यावरच फोडून टाका.

रक्तगटाचा धक्का

हा फार आवडता. अपघात होतो, रक्त लागतं, डॉक्टर म्हणतात "आईवडील दोघंही ओ आणि मुलगा बी, हे शक्यच नाही", आणि नायक दत्तक निघतो. एक तर अशा वेळी डॉक्टर वंशावळ बघत बसत नाही, तो बाटली लावतो. दुसरं, मुंबईतली कथा असेल तर जास्तच पंचाईत, कारण 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो दुर्मीळ रक्तगट शोधला त्याचं नावच बॉम्बे रक्तगट आहे. असा माणूस साध्या तपासणीत ओ दिसतो पण त्याच्याकडे ए किंवा बी चं जनुक असू शकतं, मग मूल बी निघालं तरी ते त्याचंच असू शकतं. म्हणजे तुमचा सगळा क्लायमॅक्स एका पॅथॉलॉजिस्टच्या वाक्यानं खलास. उलट एखादा बाप या अर्धवट माहितीवर बायकोवर वीस वर्षं संशय घेत राहिला, ही कथा कुणी लिहिली तर मी आनंदानं वाचेन.

दुःख म्हणजे रडणं

मयताच्या घरात रडायला वेळ कुठे असतो. कुणाला कळवायचं, मुंबईची गाडी कधी पोचेल, बॉडी किती वेळ ठेवायची, चहा शेजारच्यांकडून येतोय त्याचे कप कुणाचे, गुरुजी मिळतील का. पहिले दहा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं आणि त्यात भयंकर हसूही येतं, जुन्या आठवणी निघतात, कुणीतरी मामा घोरतो. दहाव्याला घाटावर सगळे पिंडाकडे बघत उभे, कावळा शिवत नाही, मग एकेक जण पुढे होऊन म्हणतो "पोरीच्या लग्नाचं बघतो, काळजी करू नका". आपल्या कथेत कुणी तिसऱ्या आत्याचं नाव घेतं का? की सगळे जमिनीचं, लग्नाचं, विहिरीचं सगळं कबूल करतात आणि शेवटी दर्भाचा कावळा करून शिवतात? मी असते तर दर्भाचा केला असता.

दुःख येतं ते नंतर, आणि भलत्या ठिकाणी. गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. गॅसचं कार्ड त्यांच्या नावावर असतं. नोव्हेंबरात बँकेत पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात, वडील दरवर्षी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, आणि यंदा आई त्याच लायनीत फॅमिली पेन्शनच्या कागदांसाठी उभी आहे. तिथे लिहा.

आणि सगळ्या घरांना एकच दहावं-तेरावं चिकटवू नका प्लीज. लिंगायत घरात दफन करतात, बौद्ध घरात पुण्यानुमोदन असतं, वसईच्या ख्रिस्ती घरात मिस्सा, मुसलमान घरात चाळिसावा. पात्राचं आडनाव एक आणि विधी दुसरेच असं दर वर्षी येतं, लेखकानं विचारायचे कष्टच घेतलेले नसतात.

बाप खलनायक, आई गरीब गाय

"तुला डॉक्टरच व्हायचंय!" असं ओरडणारा बाप सिरियलमध्ये ठीक आहे. खरी अपेक्षा बोलून दाखवली जात नाही, ती खर्चातून कळते. क्लासची फी वेळेवर भरली जाते आणि बापाच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली असते. "आमचं काय, झालं आता" हे वाक्य ओरडण्यापेक्षा जास्त दाबतं.

बापाचं पात्र पुठ्ठ्याचं वाटत असेल तर त्याचं जन्मसाल लिहून काढा आणि त्याच्या बाजूला महाराष्ट्र ठेवा. समजा जन्म 1958 चा. म्हणजे 1972 च्या दुष्काळात तो चौदा वर्षांचा, कदाचित आईबरोबर खडी फोडायला गेलेला. गावात शाळा दहावीपर्यंत. इंजिनिअर व्हायचं वय होतं तेव्हा राज्यात सरकारी आणि अनुदानित कॉलेजं मोजकीच, विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली 1983 ला, वसंतदादा पाटलांच्या काळात, तोवर हा पंचविशीचा, नोकरीला चिकटलेला. (कथेत कुणी 1975 ला तालुक्याच्या खाजगी कॉलेजात डोनेशन भरून इंजिनिअर होत असेल तर आत्ताच दुरुस्त करा.) मुलाला त्यानं इंजिनिअरिंगला का ढकललं हे आता वेगळं समजवायला लागत नाही. आणि बहिणीला दारातून परत पाठवलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, डोक्यावर त्याचा स्वतःचा बाप होता, ज्यानं तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितलं होतं. हे कळलं म्हणून त्याला माफ करा असं माझं म्हणणं नाही. पण मुलानं घराचं नाव काढावं म्हणून तो इतका का झुरला, ते त्या दाराशी जोडलेलं आहे एवढं लेखकाला माहीत पाहिजे, पानावर लिहिलं नाही तरी चालेल.

आईचंही तेच. ती आतल्या खोलीत होती आणि गप्प बसली, पुढे चाळीस वर्षं बसली. तिला गरीब दाखवून सोडू नका, तिला त्या गप्प बसण्यातून काय मिळालं ते शोधा. कदाचित कपाटाची किल्ली.

निवेदकाची चिटिंग

"मी" निवेदक आहे, त्याला पहिल्या पानापासून सगळं माहीत आहे, आणि तो शेवटच्या परिच्छेदापर्यंत आपल्याला सांगत नाही. का? फक्त धक्का द्यायला. वाचक चिडतो आणि त्याचं बरोबर असतं. एक तर निवेदकालाही माहीत नसू दे, नाहीतर पहिल्याच पानावर सांगून मोकळे व्हा.

हॉलमधला शेवट

सगळे हॉलमध्ये जमतात, कुणीतरी ओरडून सगळं बोलून टाकतं, आई खाली बसते, मिठ्या, पाऊस. हा प्रसंग लिहा, पण कथेच्या साठ टक्क्यांवर आणा आणि त्यातली निम्मी वाक्यं कुकरच्या शिट्टीत, दारावरच्या कुरिअरवाल्यात बुडवा. मग दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहा, कारण भांडण झालं तरी दूध उतू जायचं थांबत नाही आणि त्याच बाथरूमसाठी सगळ्यांना नंबर लावायचाय. तिसऱ्या आत्याला फोन कुणी करायचा हे ठरत नाही. नंबर काकूकडे आहे, पहिल्यापासून होता. आई म्हणते मी करते, आणि स्पीकरवर टाकू नको म्हणून मुलाला सांगते. पलीकडून आवाज येतो तो आत्याचा नाही, तिच्या सुनेचा, आणि ती विचारते, "कोण बोलताय, जमिनीवालं का?"