अँटिगनी पहिल्यांदा वाचताय? माझा अनुभव

एमएच्या पहिल्या वर्षी 'अँटिगनी' या प्राचीन ग्रीक नाटकावर उत्तर लिहिलं होतं, अँटिगनी म्हणजे विवेक, क्रेऑन म्हणजे राज्याचा कायदा, झालं. मॅडमनी बाजूला एवढंच लिहिलं, "कायदा? कुठला?" त्या प्रश्नाने मला नाटक परत पहिल्या पानापासून वाचायला लावलं.

सोफोक्लीजचं हे नाटक इ.स.पू. ४४१ च्या आसपासचं. थीब्जवर चाल करून आलेला पॉलिनायसीस आणि शहर राखणारा इटिओक्लीज, हे अँटिगनीचे सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मरतात, मग मामा क्रेऑन गादीवर बसतो आणि पॉलिनायसीसला कोणी मूठमाती द्यायची नाही असं जाहीर करतो. अँटिगनी तरीही भावावर माती टाकते. आता नीट बघा, ती पकडली गेल्यावर क्रेऑन म्हणतो तू हे कायदे मोडलेस, त्याचा शब्द "नोमोस", आणि ती उत्तरात त्याच्या हुकमाला "केरिग्मा" म्हणते, म्हणजे दवंडी! खरे नियम देवांचे, न लिहिलेले, आजकालचे नाहीत, कायमचे. म्हणजे भांडण कायदा कशाला म्हणायचं इथूनच सुरू होतं. म्हणून भाषांतरं दोन घ्या, हा प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचा.

पण क्रेऑनला लगेच खलनायक करू नका. अथेन्समध्येही देशद्रोह्याला अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या, हद्दीत पुरायला बंदी होती, त्यामुळे प्रेक्षकांना त्याचं सुरुवातीचं बोलणं पटलंही असेल. फक्त तो प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघडं ठेवतो, ते फार पुढचं झालं.

प्रेतावर नेमलेल्या पहारेकऱ्याचा प्रसंग तर सावकाश वाचाच. प्रेतावर धुळीचा पातळ थर, कुदळीची खूण नाही, गाडीच्या चाकोऱ्या नाहीत. पहारेकरी धूळ झाडून टाकतात, दुर्गंधी नको म्हणून वाऱ्याच्या बाजूला बसतात, भर दुपारी वावटळ येते आणि ती ओसरल्यावर अँटिगनी दिसते, घरटं रिकामं बघून पक्षीण ओरडावी तशी आक्रोश करणारी. काशाच्या भांड्यातून तीन वेळा अर्घ्य देते. विवेक वगैरे मोठे शब्द मला इथे पहिल्यांदा हाताला लागले.

पुढे क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडायला पाठवतो, तेव्हा ती म्हणते की मेलेला माझा नवरा किंवा मूल असतं तर मी हे केलं नसतं, आईबाप गेले, आता दुसरा भाऊ कुठून मिळणार. जर्मन कवी गटेला या ओळी इतक्या खटकल्या की त्या मूळच्या नाहीत असं कोणी सिद्ध करावं असं त्याला वाटायचं. मी त्या उत्तरातून गाळल्या होत्या, तुम्ही गाळू नका.

आणि शेवटी क्रम बघा. कोरस, म्हणजे नाटकातला थीब्जच्या वृद्धांचा समूह, क्रेऑनला सांगतो आधी मुलीला सोडव, मग पॉलिनायसीसचं थडगं बांध. तो उलट करतो, आधी प्रेत धुतो, जाळतो, वर मातीचा ढीग रचतो आणि मग गुहेकडे जातो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो.