मुलींचं कॉलेज किती वाजेपर्यंत उघडं असतं?

सेकंड पी. यू. सी. चा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की आमच्या सोप्यात एखादी तरी मुलगी आईला घेऊन येऊन बसते. आई म्हणते, "मुलींचंच कॉलेज सांग बघू, चांगलं असलेलं." मुलगी काही बोलत नाही, मोबाइलचं कव्हर काढत-घालत बसते. यंदा आलेल्या मुलीनं मात्र आई माझ्या आईशी बोलायला आत गेल्याचं बघून हळूच विचारलं, "अक्का, नुसत्या मुलींच्या कॉलेजात कंटाळा येत न्हाई?"

दोघींना एकाच वेळी उत्तर देता येईना, म्हणून लिहूनच काढते.

माझं गाव बेळगावजवळच्या उचगाव फाट्याच्या आत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पी. यू. सी. बेळगावात, कॉमर्स. २०१२ साली पदवीला कुठं जायचं हा प्रश्न आला, तेव्हा आण्णांच्या डोक्यात कॉलेजाची एकच व्याख्या होती : गेटवर वॉचमन आणि आत मुलगे नाहीत. मला राग यायचा, पण त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्या गल्लीतून बारावीपुढं गेलेली मी दुसरी. पहिलीचं शिक्षण एका वर्षात थांबवलं होतं, कारण तिला घरी यायला रोज अंधार व्हायचा.

आण्णांनी सुचवलेलं पहिलं कॉलेज आम्ही दोघांनी जाऊन बघितलं. इमारत नवी, बाग छान, भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीर. दुपारी साडेतीनला वाचनालय बघायला गेलो तर कुलूप. किल्ली ज्यांच्याकडं ते क्लार्क तालुक्याला गेलेले. शिपाई मावशी म्हणाल्या, "चारला सगळ्या पोरी घरला जात्यात, मग उघडं ठेवून काय करायचं?" परतीच्या बसमध्ये आण्णा गप्प होते. हिंडलगा आल्यावर म्हणाले, "पुस्तकं काचंच्या कपाटातच हाईत व्हय गं सगळी?" नकाराची सुरुवात माझ्याकडून नाही, त्यांच्याकडून झाली.

तेव्हापासून कुणीही विचारलं की माझा पहिला प्रश्न तोच. कॉलेज किती वाजेपर्यंत उघडं असतं? मुलींच्या कॉलेजात 'सुरक्षितता' या शब्दाखाली घड्याळ फार लवकर संपवतात. वाचनालय चारला बंद, संगणक कक्षाला दोनला कुलूप, हॉस्टेलचं गेट साडेसहाला बंद. मग तीन वर्षांत तुमच्या हाताला लागतं काय? माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं. प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळीकडं रांगोळी असते. एखाद्या साध्या बुधवारी, दुपारी अडीच-तीनला, न सांगता जा. वाचनालयात बसायला जागा आहे का ते बघा. स्वच्छतागृहात पाणी येतं का आणि पॅड टाकायची सोय आहे का, हे मुलीनं स्वतः आत जाऊन बघावं. वडिलांनी प्राचार्यांना विचारून ते कळत नाही.

शेवटी मी पुण्याला गेले, तिथल्या एका मुलींच्या कॉलेजात. बेळगावहून गोवा एक्सप्रेसनं. पहिल्या आठवड्यात मेसमध्ये मी म्हणाले, "मी जेवलो," आणि टेबलवरच्या चौघी हसू लागल्या. आमच्याकडं बायका सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोनवर आईशी "काय करूलालीस?" म्हटलं तर रूममेटनं विचारलं, ही कुठली भाषा? महिनाभर मी तोंडच उघडलं नाही. पुढं जमलं. आता मागं वळून बघताना वाटतं, तो महिना उगाच गमावला. सीमाभागातली मराठी तुटकी नाही, ती आपली आहे. हसणाऱ्यांना हसू द्यावं आणि वाढायला दुसरी भाकरी मागावी.

कंटाळ्याचं म्हणाल तर, तो आला नाही. पी. यू. सी. ला आमच्या वर्गात कार्यक्रम असला की खुर्च्या मुलगे उचलायचे, माइक मुलगे जोडायचे, निवेदन मात्र मुलीनं करायचं, तेही सरांनी लिहून दिलेलं. पुण्यात खुर्च्या उचलायला मुलगेच नव्हते. जनरेटरवाल्याशी भाव करणं, पावत्या सांभाळणं, विद्यार्थिनी मंडळाचा हिशेब प्राचार्यांपुढं मांडणं, सगळं आमच्यावर. मी आज बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सी. ए. च्या ऑफिसात बसते, पण लोकांकडून पैसे वसूल करायची धिटाई मला त्या स्नेहसंमेलनाच्या वर्गणीनं दिली. मुलींच्या कॉलेजाचा खरा फायदा मी तिथं पाहिला. सगळ्याच ठिकाणी तो मिळतो असं नाही. जिथं निवेदनसुद्धा मॅडमच लिहून देतात, तिथं नसलेल्या मुलग्यांची जागा प्राध्यापक घेतात एवढंच.

आता आपल्या भागाची खास डोकेदुखी : कागद. इकडं कॉलेज निवडणं म्हणजे विद्यापीठ आणि राज्य दोन्ही निवडणं. बेळगावातली बहुतेक पदवी कॉलेजं २०१० साली झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली आली. त्याआधी ती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची होती. उत्तर कर्नाटकातल्या मुलींच्या कॉलेजांसाठी विजापूरला २००३ पासून वेगळं महिला विद्यापीठ आहे, आता त्याला अक्कमहादेवींचं नाव आहे. म्हणून मुलींचं कॉलेज बघताना पदवी कुणाच्या नावाची मिळणार हे आधी विचारा. पलीकडं कोल्हापूरला कमला कॉलेज, इचलकरंजीला कन्या महाविद्यालय, आणि निपाणीला लागूनच, पण कागल तालुक्यात, अर्जुननगरचं देवचंद कॉलेज. ते मुलामुलींचं आहे, तरी निपाणीकडच्या मुलींना सगळ्यात जवळचं, आणि विद्यापीठ कोल्हापूरचं शिवाजी. मराठी घेऊन बी. ए. करायचं असेल तर बेळगावात आर. पी. डी. चं, म्हणजे राणी पार्वती देवी कॉलेजाचं, नाव आपसूक निघतं. मुलींचंच हवं हा हट्ट तिथं थोडा सैल करायला हरकत नाही.

एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाबद्दल मुली दबकत विचारतात, "इंग्लिश लय लागतं का?" महर्षी कर्व्यांनी १९१६ साली ते विद्यापीठ काढलं तेव्हा शिकवणं मातृभाषेतून आणि इंग्रजी हा एक विषय, असं ठरवलं होतं. आज प्रत्येक अभ्यासक्रमाचं माध्यम वेगवेगळं आहे, तेव्हा नेमक्या अभ्यासक्रमाचं विचारा. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलीनं तिथं पाय ठेवायला लाजायचं काही कारण नाही.

सीमेपलीकडं जाणार असाल तर टी. सी. बरोबर मायग्रेशन, म्हणजे आधीच्या बोर्डाचा स्थलांतर दाखला, लागतं आणि नव्या विद्यापीठाचा एलिजिबिलिटी (पात्रता) फॉर्म भरावा लागतो. माझं मायग्रेशन उशिरा आलं आणि पहिल्या सेमिस्टरचं हॉल तिकीट परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हातात पडलं. कर्नाटकात राहायचं असेल तर प्रवेश यू. यू. सी. एम. एस. या सरकारी पोर्टलवरून, शिष्यवृत्ती एस. एस. पी. या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून. शिष्यवृत्तीला नाडकचेरीतल्या (महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसातल्या) जात-उत्पन्न दाखल्यावरचा आर. डी. नंबर लागतो. तो दाखला निकालाआधीच काढून ठेवा, नंतर तिथं उभं राहायला जागा नसते. हाच दाखला पलीकडं आरक्षणाला चालेल असं धरून चालू नका.

इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला महाराष्ट्र सरकार वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना वेगळ्या प्रकारातून अर्ज करू देतं. कर्वेनगरचं कमिन्स हे मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज मनात असेल तर या वाटेनं जायला महाराष्ट्राची सीईटी द्यावीच लागते, कर्नाटकाच्या के-सीईटीचे मार्क चालत नाहीत. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा काय लिहिली आहे ते आत्ताच उघडून बघा. माझ्या धाकट्या चुलतबहिणीच्या दाखल्यावर तो रकाना कोराच होता, आणि तो भरून घेण्यात आख्खा जून गेला.

पदवीची वर्षंही आता दोन्हीकडं सारखी नाहीत. कर्नाटकानं २०२४ साली चार वर्षांचा प्रकार सोडून पुन्हा ३ वर्षांवर आणलं. महाराष्ट्रात ३ वर्षांनी बाहेर पडा किंवा चौथं करून ऑनर्स घ्या. नोकरी घाईची असेल तर फरक पडत नाही, पुढं शिकायचं असेल तर पडतो.

येण्याजाण्याचा खर्च मात्र माझ्या वेळेपेक्षा पुष्कळ कमी झाला. जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळं कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, आणि त्याच वर्षी मार्चपासून महाराष्ट्राच्या एस. टी. त अर्धं तिकीट आहे. दोन्ही सवलती आपापल्या राज्यापुरत्या. सीमेच्या अलीकडं, कर्नाटकातल्या बाचीची मुलगी बेळगावला फुकट जाते, तीच पलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीत उभी राहून चंदगडची एस. टी. पकडते तेव्हा अर्धे पैसे मोजते. त्यामुळं हल्ली आया सरळ म्हणतात, "बेळगावातलंच बघ, बस फुकट हाय." त्यांना मी एवढंच विचारते, संध्याकाळची शेवटची गाडी कितीला? भाडं शून्य झालं तरी गाड्यांच्या वेळा कुणी वाढवल्या नाहीत.

यंदाच्या त्या मुलीला मी बुधवारी जायला सांगितलं होतं. आई आणि ती दोघी गेल्या, न कळवता, अडीचला. संध्याकाळी तिचा मेसेज आला : "अक्का, लायब्ररी साडेपाचपर्यंत उघडी हाय, बसायला बाकं पण चांगली. गाडी पाचची हाय, मग सातची. आई म्हणते सातचीनं ये, मी फाट्यावर थांबतो."