क्रोमला फायरवॉलमधून सोडायचं का? आधी हे बघा, मग क्लिक करा

आमच्या मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये कुणाचाही कॉम्प्युटर अडला की मला हाक येते, आणि एवढ्यात एकच प्रश्न तीन-चार घरांतून आला, "भाऊ, क्रोम उघडलं तर विंडोज काहीतरी परवानगी मागून राहिलं, हो म्हणू का नाही?" सरळ सांगतो, कॅन्सल करा. इंटरनेट बंद पडत नाही.

काऊन बंद पडत नाही ते समजून घ्या. आपल्या गेटवरचा चौकीदार बघा, तुम्ही भाजी आणायला निघाले तर तो अडवत नाही, तुम्हीच मागवलेलं पार्सल आलं तर फ्लॅट नंबर विचारून सोडते, पण कुणी बोलावलंच नाही असा माणूस गेटवरच थांबतो. विंडोजची फायरवॉल मुळात अशीच सेट असते, बाहेर जाणाऱ्याला मोकळीक आणि न बोलावता आत येणाऱ्याला अडवणूक. ब्राउझर वेबसाइटकडे स्वतःहून जातो, बहुतेक वेळा ४४३ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचा नंबर दिलेला दरवाजा समजा), जुन्या साइट असतील तर ८० वर, आणि त्याचं उत्तर परत आलं की फायरवॉल ओळखते की हे आपणच मागवलं होतं. म्हणजे ब्राउझिंगसाठी वेगळी परवानगी लागतच नाही.

मग परवानगी मागणारा तो डबा कशाचा? क्रोम टीव्हीवर कास्ट करायसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरचं टीव्हीवर दाखवायसाठी, घरातले डिव्हाइस शोधतं, त्यासाठी ५३५३ नंबरच्या पोर्टवर कान लावून बसतं, आणि कुणी असं आतून कान लावून बसलं की विंडोज तुम्हाला विचारतं.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे घाई न करता डबा वाचा, त्यात प्रोग्रामचं नाव असतं. नाव ओळखीचं नसेल तर ॲलाऊ अजिबात करू नका. आणि हो, वेबसाइटच्या आतमध्ये लाल रंगात "तुमचा कॉम्प्युटर ब्लॉक झाला, या नंबरवर फोन करा" असं येतं ते फायरवॉलचं नाहीच, ती शुद्ध फसवणूक आहे, फोन करू नका, तो टॅब बंद करा. फोन करून पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

आधीच ॲलाऊ करून बसले असाल तर स्टार्टमध्ये फायरवॉल टाइप करा, "अलाऊ ॲन ॲप थ्रू विंडोज फायरवॉल" उघडा, वर चेंज सेटिंग्जवर क्लिक करा आणि यादीत ब्राउझर शोधा. त्याच्यासमोर प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोन चौकोन दिसतील. पब्लिकची टिक काढाच, कारण लॅपटॉप घेऊन तुम्ही स्टेशनवर किंवा कॅफेत बसता तेव्हा त्या वायफायवर कोण कोण आहे काही पत्ता नसतो. कॅन्सल केल्यावर टीव्ही दिसेनासा झाला तर फक्त प्रायव्हेटला टिक द्या, तेही घरच्या वायफायसाठी. रिस्टोअर डिफॉल्ट्स हे सगळं मूळ सेटिंगवर नेणारं बटण मात्र उगाच दाबू नका, दुकानात दोन-तीन कॉम्प्युटरवर मिळून टॅली चालत असेल तर त्याचेही नियम उडतात आणि सगळं काम अडून बसतं.

अँटीव्हायरससोबत आलेली वेगळी फायरवॉल असेल तर गोष्ट उलटी आहे. त्यातल्या काही बाहेर जाणाऱ्यालाही विचारतात, तिथं ब्राउझरला नाही म्हटलं तर एकही साइट उघडणार नाही, म्हणून तिथं हो म्हणा, फक्त ब्राउझर त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घेतलेला असावा.

आणि साइट उघडत नाही म्हणून अख्खी फायरवॉल बंद करू नका, हे मी कळकळीनं सांगतो. खालच्या मजल्यावरच्या काकांना लाइट बिल भरायची साइट उघडत नव्हती, रिपेअरवाल्यानं येऊन फायरवॉल बंद केली आणि निघून गेला, साइट तरीही उघडेना. मी गेलो तर घड्याळात कित्येक वर्षं जुनी तारीख! मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, तारीख चुकली की ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, मानतच नाही. तोपर्यंत तीन महिने त्यांचा कॉम्प्युटर तसाच उघडा होता. २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरस, नेटवर्कवरून असाच आपोआप घुसत होता, कुणी काही क्लिक न करता, आणि २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजमध्ये फायरवॉल आपोआप चालू राहायला लागली.

तुमची चालू आहे का ते आत्ताच बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शनमध्ये जा, डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक तिन्हींखाली ऑन दिसलं पाहिजे. काकांकडे तिन्ही ऑफ होते. बर्डीच्या मार्केटमधून सेल आणून लावला, तारीख नीट केली, तिन्ही ऑन केले, आणि फायरवॉल चालू असतानाच त्यांनी माझ्यासमोर बिल भरलं.